ऑईल भरपूर आहे!

मित्रांनो, मेकॅनिकलच्या पोरांना एक साधा प्रश्न. खरं उत्तर द्या, इथं व्हायव्हा नाही! घरच्या गाडीची किंवा ट्रॅक्टरची डिपस्टिक तुम्ही शेवटची कधी बाहेर काढली होती?

वेट संप, ड्राय संप, स्प्लॅश, प्रेशर फीड... लुब्रिकेशनच्या सगळ्या पद्धती आपल्याला पाठ आहेत. सुबक आकृती काढून मार्कही मिळवतो. माझंही तसंच होतं. पण माझी खरी परीक्षा झाली ती घरच्या अंगणात, आणि तिथं मी नापास झालो.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात परंडा-भूम भागाला पुराने वेढलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमचं गाव सीनेच्या काठचं. शेडमधला ट्रॅक्टर रात्रभर पाण्यात उभा होता. पाणी ओसरल्यावर मी घरी पोचलो. घरात ‘इंजिनीअर’ म्हणून मान! तात्या म्हणाले, “बघ बरं, चालू करावा का?” मी ऐटीत डिपस्टिक ओढली, पुसली, घातली, परत काढली. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर. म्हटलं, “ऑईल भरपूर आहे. दुसरी बॅटरी जोडा आणि मारा सेल्फ!”

सातवी शिकलेले आमचे ड्रायव्हर मामा मात्र चावी देईनात. “आरं, चालवून चालवून ऑईल कमी होत असतंय. हे वाढलं कसं?” एवढं बोलून ते खाली वाकले आणि चेंबरचा नट सैल केला. आधी गढूळ पाणी आलं. बराच वेळ आलं. मग ऑईल.

पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. हे आपण शाळेतच शिकलो. आणि ऑईल पंपाची जाळी असते तीही तळाशीच! सेल्फ मारला असता तर बेअरिंगला पहिला घोट पाण्याचा गेला असता. खरिपाचं सोयाबीन पाण्यात गेलेलंच होतं. ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर इंजिन जाम झालं असतं तर तात्यांनी पैसे आणायचे कुठून? आणि ते नुकसान माझ्या एका वाक्याने झालं असतं.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की लेव्हल बघणं म्हणजे नुसतं ‘कमी असेल तर भर’ असं नाही. लेव्हल का बदलली, हे विचारणं म्हणजे बघणं. कमी झाली तर गळती आहे किंवा ऑईल जळतंय. वाढली तर त्यात पाणी किंवा डिझेल मिसळतंय. डिझेल असेल तर वासावरून कळतं, पाणी घुसळलं गेलं असेल तर ऑईल ताकासारखं पांढरट दिसतं. उलट डिझेल इंजिनचं ऑईल काळं पडलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, ती काजळी असते. आणि जास्त ऑईल भरणंही वाईटच. क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो.

बघायची रीतही सोपी आहे. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग डिपस्टिक काढायची. हायड्रॉलिकचं ऑईल बघताना लिफ्ट खाली सोडलेली हवी. वर असेल तर काही ऑईल सिलिंडरमध्ये अडकलेलं असतं, लेव्हल कमी दिसते आणि आपण उगाच भरत बसतो. कोणतं ऑईल, किती आणि किती तासांनी बदलायचं, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पण ते मॅन्युअल बहुतेक घरी कपाटात कर्जाच्या कागदांखाली पडलेलं!

कुणी म्हणेल, “हे मेकॅनिकचं काम. आपण डिझाईन करणार!” कुणी म्हणेल, “डॅशबोर्डवर लाल दिवा असतोच की.” अहो, तो दिवा प्रेशर सांगतो, लेव्हल नाही. ऑईलमध्ये पाणी शिरलंय हे तो सांगत नाही. आणि रोज डिपस्टिक बघणारा माणूस ज्याला अडाणी वाटतो, त्याने डिझाईन तरी कुणासाठी करायचं?

माझी एक सूचना आहे. आपल्या एनएसएसच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, पथनाट्य करतो. चांगलंच आहे. पण त्यातला एक दिवस दत्तक गावातल्या ट्रॅक्टरसाठी द्या. प्रत्येक ट्रॅक्टरची लेव्हल बघायची आणि मालकाच्या हाती एक वही द्यायची. तारीख, मीटरचे तास, इंजिन ऑईल, हायड्रॉलिक ऑईल, असे फक्त चार रकाने. कालची नोंद असेल तरच आज वाढलं की घटलं ते कळणार. मामांकडे ती वही नव्हती, पण त्यांच्या डोक्यात ती रोज लिहिली जात होती. ड्रायव्हर बदलला की ती वहीही जाते.

आणि हो, त्या दिवशी शिकवायला म्हणून जाऊ नका. आधी गावातल्या एखाद्या मामांना विचारा, “तुम्ही कसं बघता?” मी विचारलं नव्हतं. मामांनी चावी हातातच ठेवली, म्हणून आमची ज्वारी पेरली गेली.

बघा, पटतंय का!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी