प्रतिभावादाची सबब

काव्यलेखन शिकवता येत नाही, हे विधान मराठी समीक्षेत सिद्धान्ताच्या दिमाखात वावरते. वस्तुतः ती प्रतिभावादाने पुरवलेली सोयीस्कर सबब आहे. रिचर्ड ह्यूगो (1923-1982) या अमेरिकन कवीने ती केव्हाच निकालात काढली. सिअॅटलला थिओडोर रेट्कीच्या हाताखाली शिकलेला ह्यूगो दशकाहून अधिक काळ बोइंगमध्ये नोकरी करून 1964 मध्ये माँटाना विद्यापीठात लेखन शिकवू लागला. ‘द ट्रिगरिंग टाउन’ (1979) मधील त्याची मांडणी अशी: कविता ज्या विषयाने सुरू होते तो, आणि लिहिता लिहिता जो हाती लागतो तो, हे दोन विषय भिन्न होत. पहिल्याशीच इमान राखणारा कवी दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. परके गाव कवीला उपयोगी पडते, कारण त्या गावाच्या तपशिलांशी तो बांधलेला नसतो. अनुभवाच्या सच्चेपणाचा आपला लाडका निकष येथे मुळातूनच हादरतो. आणि नेमका म्हणूनच, बहुधा, हा ग्रंथ आपल्याकडे चर्चिला जात नाही.

शिष्य गुरूचेच वळण गिरवतील, हा आक्षेप ठरलेला. शिक्षक नकळत स्वतःसारखे लिहायला सांगत असतो, हे ह्यूगो आरंभीच मान्य करतो. कार्यशाळेत साचे पाहणाऱ्या समीक्षकांनी नवकवींच्या संग्रहांना स्वतः लिहिलेल्या प्रस्तावना एकदा ओळीने वाचाव्यात.