वाऱ्याचे माप कोणी तपासावे?

वाण्याच्या तागडीवर वजनमापे खात्याचा शिक्का असावा, असा आपला आग्रह असतो. वाऱ्याच्या मापाविषयी मात्र आपण उदासीन असतो. कारण वारा कोणी विकत घेत नाही, अशी आपली समजूत आहे. ती आता खरी राहिलेली नाही.

केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २००९ च्या नियमांत पवनविजेच्या दरासाठी प्रदेशांची वर्गवारी वाऱ्याच्या शक्तीवरून केलेली होती. दर चौरस मीटरला २०० ते २५० वॅट हा पहिला वर्ग, २५० ते ३०० हा दुसरा. आणि वारा जितका कमी, तितका युनिटचा दर अधिक. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. साहजिकच यंत्राने वेग ५ टक्के कमी दाखविला, तर शक्ती १४ टक्के कमी दिसते आणि २९० वॅटची टेकडी २४९ वॅटची ठरून चढ्या दरास पात्र होते. भुर्दंड ग्राहकाला! चूक उलट दिशेची असेल, तर कर्ज देणारी बँक अडचणीत येते. २०१७ पासून दर लिलावाने ठरू लागले, तरी बोली लावणाऱ्याची भिस्त मोजमापावरच असते.

यंत्रे चुकतात, याला इतिहास साक्षी आहे. आयर्लंडच्या रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये फिरत्या वाट्यांचे वातमापक पुढे आणले. वाट्यांच्या वेगाच्या तिप्पट वाऱ्याचा वेग, हा त्यांचा नियम कित्येक दशके निमूटपणे पाळला गेला. पुढे प्रयोगांती प्रमाणित यंत्राचा गुणक सुमारे २.२ निघाला, तोवर नोंदलेले वेग एक-तृतीयांशाहून अधिक फुगलेले होते.

आजची यंत्रे पुष्कळ सुधारलेली आहेत. परंतु प्रयोगशाळेतील एकसारख्या प्रवाहात उत्तीर्ण झालेले यंत्र डोंगरमाथ्यावर तसेच वागेल, असे नाही. लहरी वाऱ्यात वाट्या वेग लवकर घेतात व उशिरा सोडतात, त्यामुळे सरासरी किंचित वाढते. बेअरिंग झिजले की ती घटते. श्रवणातीत ध्वनीवर चालणाऱ्या यंत्राला पावसाचे थेंब बाधतात. लेसर किरणांचे लायडार सपाट भूमीवर विश्वासार्ह, पण चढउताराच्या प्रदेशात चकते. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारासारख्या ठिकाणी पाऊस, कडे आणि लहरी वारा हे सारेच एकत्र येते.

म्हणून एकाच मनोऱ्यावर निरनिराळी यंत्रे पावसाळ्यासह वर्षभर शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात आणि तो ताळा प्रसिद्ध करावा. खर्चाची सबब येथे टिकणारी नाही. पवनचक्की वीस-पंचवीस वर्षे उभी राहते आणि चुकीच्या मापाची किंमतही तितकीच वर्षे मोजावी लागते. तागडीवरचा शिक्का गिऱ्हाइकाला दिसतो, म्हणूनच त्याला अर्थ असतो.