सप्तमीचा संकल्प, नवमीची कसोटी

माघ शुद्ध सप्तमी उजाडते तेव्हा थंडीची धार बोथट झालेली असते आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाची सांगता होत असते. तुळशीवृंदावनापुढे सूर्यरथाची रांगोळी उमटते, गोवऱ्यांवर ठेवलेल्या बोळक्यातले दूध उतू जाते, आणि शाळांच्या पटांगणांपासून सोसायट्यांच्या गच्च्यांपर्यंत सूर्यनमस्कारांचे संकल्प सोडले जातात. वर्षभर खुर्चीला वाहिलेला आपला देह त्या कोवळ्या उन्हात पुन्हा आपला वाटू लागतो. हा उत्साह मोलाचा आहे, आणि म्हणूनच तो पुढच्या दोन दिवसांत का ओसरतो याचा विचारही आपण रथसप्तमीलाच करायला हवा.

पहिल्याच दिवशी एकशे आठ नमस्कार घालणाऱ्यांचे कौतुक होते. अष्टमीला अंग आंबते. नवमीला दंड इतके भरून येतात की केस विंचरायला हात वर जात नाही, आणि जिना उतरताना कठडा धरून पाऊल तिरके टाकावे लागते. मग एक दिवसाची विश्रांती आठवड्याची होते आणि संकल्प पुढच्या माघावर जातो. दोष निष्ठेचा नसतो. अंग का दुखते आणि किती दुखणे रास्त, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

नव्या व्यायामाचे हे दुखणे साधारण बारा ते चोवीस तासांनी जाणवू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला पोहोचते आणि बहुधा आठवड्याच्या आत निवळते. आपण लॅक्टिक आम्लाला बोल लावतो, पण ते तासाभरात रक्तातून निघून गेलेले असते. सवय नसलेला भार पेलताना, विशेषतः लांबत असतानाच भार पेलणाऱ्या स्नायूंत, तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि शरीर तिची डागडुजी हाती घेते. थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच स्नायूंमधल्या अशा इजेकडे बोट दाखवले होते. पर्वतीच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या उतरण्यामुळे. नमस्कारातही छाती सावकाश जमिनीकडे नेताना दंडांवर आणि छातीवर हाच प्रसंग येतो. मात्र एकदा सोसलेला भार शरीर लक्षात ठेवते. काही दिवसांनी तेवढेच श्रम केले तर दुखणे पुष्कळ कमी असते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्यासाठी पहिला डोस मोठा असावा लागत नाही. थोड्या श्रमानेही स्नायू शिकतात.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्याची उपासना करायची त्याचीच ही चाल असेल, तर उपासकाने एका सकाळीत वर्षाची भरपाई कशाला करावी? चार नमस्कारांनी आरंभ करावा, आधी थोडे चालून अंग ऊबदार करावे, आणि दोन-तीन दिवसांनी एखाद-दुसरा वाढवावा. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, असे परंपरा सांगते. ते बळ एका पहाटेत आलेले नव्हते.

तरीही अंग दुखेलच, आणि त्याला भ्यायचे कारण नाही. दुखऱ्या दिवशी निपचित पडून राहण्यापेक्षा सावकाश फिरून यावे. स्नायू हलते राहिले की ठणका सैल होतो. हलक्या हाताची मालिश आणि कढत पाण्याची आंघोळ दिलासा देतात. पोटभर झोप, पुरेसे पाणी आणि डाळ, दूध, अंडी असा प्रथिनांचा आहार डागडुजीला हातभार लावतो. ताण देण्याचे व्यायाम अंग मोकळे करतात, पण हे दुखणे त्यांनी फारसे टळत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. वेदनाशामक गोळीची सवय तर लावूच नये. मात्र कळ सांध्यात असेल, दुखणे श्रम चालू असतानाच चमकून उठले असेल किंवा आठवडा उलटूनही हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. अतिश्रमानंतर लघवी काळपट चहासारखी झाली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. स्नायू फार झिजल्याची ती खूण असते आणि मूत्रपिंडाला धोका असतो.

सूर्यनमस्कार घरोघर पोहोचावेत म्हणून औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आयुष्यभर झटले. आपल्या संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते रुजवले. त्यांच्या वारशाचे आपण वाटेकरी आहोत, तर आपल्यावर एक जबाबदारीही येते. पटांगणात मुलांना उभे करणाऱ्या शिक्षकांनी, व्यायामशाळेत नवख्याला हाताशी धरणाऱ्या वस्तादांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी, परवा अंग दुखेल, ते निवळेल, तोवर सावकाश चालत राहा, एवढे तीन बोल आधीच कानावर घालावेत. आधी सांगितलेले दुखणे माणसाला घाबरवत नाही.

रथसप्तमीपासून सुमारे सतरा दिवसांनी, माघ वद्य नवमीला, समर्थांची दासनवमी येते. सप्तमीला चार नमस्कारांनी उचललेले व्रत दासनवमीला बारांवर नेता येते, आणि तेवढा अवधी स्नायूंना सवय लागण्यास बहुतेकांना पुरतो. आकडे मोजायचेच असतील तर एका दिवसाचे नमस्कार मोजू नयेत, न चुकलेल्या सकाळी मोजाव्यात. आपला संकल्प सप्तमीला सुटतो खरा, पण तो आपलासा होतो अंग दुखत असतानाही नवमीच्या पहाटे आपण चटई अंथरतो तेव्हा.