रस्ता एक, प्रवाह दोन

नकाशा हे केवळ भूगोलाचे चित्र नव्हे. ते निर्णयाचे साधन आहे. आज मोबाइलवर शहराचा नकाशा उघडला की रस्ते हिरव्या, पिवळ्या आणि लाल रेघांनी रंगलेले दिसतात, आणि नोकरदारापासून रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत अनेकजण त्या रंगांवर विसंबून वाट निवडतात. अशा वेळी दुहेरी वाहतुकीचा रस्ता एका रेघेने दाखवावा की दोन, हा प्रश्न वरकरणी आरेखकाचा वाटला, तरी वस्तुतः तो सार्वजनिक हिताचा आहे.

एक साधे गणित पाहू. दहा किलोमीटरच्या एका रस्त्यावर सकाळी शहराकडे जाणारी वाहने ताशी १० किलोमीटर वेगाने सरकत आहेत आणि उलट दिशेची वाहने ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत आहेत, असे समजा. दोहोंची सरासरी २५ येते आणि एकेरी रेघ पिवळी होते. तिच्यावर विश्वास ठेवून २४ मिनिटांत कचेरी गाठू पाहणाऱ्यास प्रत्यक्षात ६० मिनिटे लागतात. उलट दिशेचा प्रवासी १५ मिनिटांत पोहोचतो. म्हणजे ती रेघ दोघांपैकी एकाच्याही बाबतीत खरी नसते. इतकेच नव्हे, तर जाऊन येण्याचे २० किलोमीटर ७५ मिनिटांत होत असल्याने एकूण वेगही १६ च भरतो. सरासरी राष्ट्रीय उत्पन्नाने विषमता झाकली जाते, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी जाणतोच. येथे तोच प्रकार रस्त्यावर घडतो.

ही जाण नवी नाही. मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८४५ मध्ये डिजाँ ते म्युलूज या टापूतील प्रवासी वाहतुकीचा नकाशा काढला, तो नियोजित रेल्वेमार्गाचा विचार करताना उपयोगी पडावा म्हणून. प्रवाशांची संख्या जितकी अधिक, तितकी पट्टी रुंद. पुढे १८६९ मध्ये त्यानेच नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीचा सुप्रसिद्ध नकाशा सिद्ध केला. त्यात जाणाऱ्या ४,२२,००० सैनिकांची पट्टी वेगळी आणि परतलेल्या १०,००० ची वेगळी आहे. दोहोंची सरासरी काढून २,१६,००० ची एकच पट्टी आखली असती, तर त्या भीषण संहाराचा मागमूसही नकाशावर उरला नसता.

संगणकावरील नकाशात अडचण आहे ती रचनेची. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ पासूनच्या लोकसहभागी नकाशात मध्ये दुभाजक असलेला रस्ता दोन रेघांनी नोंदवतात. दुभाजक नसलेला मात्र एकाच रेघेने. त्यावर दोन प्रवाह दाखवायचे, तर मूळ रेघेच्या दोन्ही अंगांना समांतर रेघा सरकवाव्या लागतात. हे अंतर जमिनीवरील मीटरांत मोजले, तर नकाशा लहान करताच दोन्ही रेघा एकमेकींत मिसळतात. पडद्यावरील बिंदूंत मोजले, तर त्या वेगळ्या राहतात, पण खऱ्या जागेपासून ढळतात, आणि तीव्र वळणावर त्यांची गाठ पडते. शिवाय आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, फ्रान्स-अमेरिकेत उजवीकडून. तिकडच्या सोयीने लिहिलेली आज्ञावली जशीच्या तशी उचलली, तर रंगांची अदलाबदल होऊन मोकळी बाजू तुंबलेली दिसेल. नकाशा चुकीचा आहे याची शंकाही पाहणाऱ्यास येणार नाही.

हे सारे काटेकोरपण कशासाठी, याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडते. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे लोटणारा जनप्रवाह हे या शहराचे दुखणे आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हा उत्तर-दक्षिण ओघ पूर्वेकडे वळवण्याचा विचार होता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ती याच नव्या शहराच्या उभारणीसाठी. दिवसभराच्या दोन्ही दिशांची नुसती बेरीज पाहिली असती, तर ‘रस्ता रुंद करा’ एवढाच उपाय सुचला असता. दिशा पाहिली म्हणून कचेऱ्यांच्या जागेचा प्रश्न पुढे आला.

दोन रेघांनी नकाशा गजबजून जातो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. संपूर्ण जिल्हा एका पडद्यावर मावतो तेव्हा प्रत्येक गल्लीच्या दोन बाजू दाखवणे अशक्यच. पण तेथे सरासरीचा रंग भरण्यापेक्षा अधिक तुंबलेली दिशा बाणासह दाखवावी, अथवा रस्ता बिनरंगी ठेवावा. न दाखवलेले शोधता येते. चुकीचे दाखवलेले मात्र खरे मानले जाते.

म्हणून महापालिकांनी आणि वाहतूक शाखांनी उड्डाणपूल, रुंदीकरण किंवा सिग्नलच्या वेळा यांसंबंधीचे प्रस्ताव लोकांपुढे ठेवताना दोन्ही दिशांची वाहतूक, वेळेनुसार आणि वेगवेगळ्या रेघांनी, दाखवलीच पाहिजे. कोट्यवधींचा सार्वजनिक पैसा ज्या रेघेच्या आधारे खर्च होणार, ती कोणत्या दिशेची आहे हे विचारण्याचा करदात्यास अधिकार आहे. तो त्याने बजावावा.