दादरचा वडा आणि छावणीतला पाव

उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईची वारी करून परतणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांच्या सामानात काही वस्तू ठरलेल्या असतात: कोकम, आमसुले, फणसपोळी, एखादी नवी पैठणी. यंदा आमच्या सामानात एक हट्टही आला. दादर स्थानकाबाहेर उभ्याने खाल्लेला वडापाव शिंदे की छावनीतील आपल्या घरी तस्साच झाला पाहिजे, असा चिरंजिवांचा आग्रह होता आणि कन्येचे त्यास अनुमोदन होते. सौ.ने तो तत्काळ मान्य केला. वडा तर आपण नेहमीच करतो, त्यात अवघड ते काय, असे तिचे म्हणणे.

म्हणणे खरे होते. बटाटेवडा आपल्या घरांना नवा नाही. अडचण होती ती पावाची.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण छावणीतील आमचे हिंदी भाषक शेजारी वडापावाला ‘आप लोगों का’ म्हणतात आणि आपली मुले त्या ‘आप लोगों’मध्ये मोठ्या अभिमानाने सामील होतात. दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरीस पडला तो १८१० साली; त्या लष्करावरूनच आपल्या वस्तीला लश्कर हे नाव मिळाले. वडापावाचा जन्म मात्र १९६६ च्या सुमाराचा. अशोक वैद्य यांनी दादर स्थानकाबाहेर वड्यांची गाडी लावली आणि वडा पावात घालून देण्यास प्रारंभ केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गिरणगावातील कामगाराला पाळीवर जाता जाता एका हातात धरून खाता येईल असे ते अन्न होते. १९८२ साली डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप झाला, गिरण्या थंडावल्या आणि त्यांतील कित्येकांनी वड्याच्या गाडीवरच संसार सावरला. म्हणजे आपले पूर्वज येथे आले तेव्हा हा पदार्थ त्यांच्या शिदोरीत असणे शक्यच नव्हते. बटाटा आणि मिरची पोर्तुगीजांनी आणलेली. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. बाजारात आपण ‘आलू’ मागतो आणि घरी येताच त्याचा बटाटा होतो! ‘पाव’ हा शब्द पायांनी कणीक तुडवण्यावरून आला, अशी एक समजूत वर्गात हमखास ऐकू येते. ती निराधार आहे. पोर्तुगीज भाषेत भाकरीला जो शब्द आहे, त्याचेच हे रूप.

असो. आपल्या बाजारात पाव म्हणून जो मिळतो, तो बहुधा गोड बन असतो. सुटा भाजलेला असल्यामुळे चहूबाजूंनी त्याला कवच येते. मुंबईचा लादीपाव वेगळा. त्याचे गोळे पत्र्यावर एकमेकांना खेटून ठेवतात. फुगताना ते परस्परांना चिकटतात आणि कडांना आच लागत नाही. त्यामुळे वरची साल तेवढी तांबूस आणि बाजू कापसासारख्या राहतात. कडेला कवच नसल्यामुळेच तो वड्याभोवती दबतो, तुटत नाही. बनामध्ये वडा घातला की पहिल्याच घासाला बन एकीकडे आणि वडा दुसरीकडे जातो.

तेव्हा पाव घरीच करावयाचे ठरले. अर्धा किलो मैदा, दोन लहान चमचे सुके यीस्ट, एक मोठा चमचा साखर, दीड लहान चमचा मीठ आणि दूध व कोमट पाणी मिळून सुमारे तीनशे मिलिलिटर. कणीक चांगली दहा-बारा मिनिटे मळून शेवटी दोन मोठे चमचे लोणी जिरवावे. दुप्पट फुगली की बारा गोळे करून चौकोनी डब्यात बोटभर अंतराने मांडावेत, पुन्हा फुगू द्यावेत आणि दोनशे अंशांवर वीसेक मिनिटे भाजावेत. बाहेर काढताच ओलसर फडके झाकावे. मुंबईची दमट हवा पावाला मऊ ठेवते. आपली जूनमधील कोरडी हवा तासाभरात त्याचे टोस्ट करते.

मळणीचे काम कन्येकडे होते आणि ओट्याजवळ पाटावर आई बसली होती. आईचे वय ऐंशीच्या घरात. भट्टीचा पाव तिने जन्मात तोंडात घातलेला नाही. मोठ्या आजारपणात डॉक्टरांनी दूध-डबलरोटी सांगितली, तेव्हाही तिने तांदळाच्या खिमटीवरच दिवस काढले. ज्या पिढीने तिला वाढवले, तिच्या दृष्टीने पाव हे धर्म बुडवण्याचे साधन होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून रानडे-टिळकांसारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे आईचा निग्रह हास्यास्पद वाटत नाही. मला तरी तो कधी वाटला नाही.

“यात फुगायला काय घातलंस गं?” आईने विचारले.

“आजी, जिलबीचं पीठ रात्रभर ठेवल्यावर आंबतं ना, तेच हे. फक्त पुडीतून आणलेलं.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. पाव भाजून निघाल्यावर तिने एक लादीपासून सुटा केला, त्याची कड दाबून पाहिली आणि वड्याची वाट न पाहता दुधात बुडवून खाल्ला. “लोणी थोडं जास्त चाललं असतं,” एवढाच तिचा अभिप्राय. आम्ही कोणीही त्यावर चकार शब्द काढला नाही. सौ.ने तेवढा दुधाचा पेला पुन्हा भरला.

वड्याविषयी दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे येतो तो आग्र्याकडच्या शीतगृहातला बटाटा. थंडीत ठेवलेल्या बटाट्यातील पिष्टाची साखर होते, म्हणून तो गुळचट लागतो. घरात अंधाऱ्या जागी दहा-पंधरा दिवस पसरून ठेवल्यास ही गोडी काही अंशी उतरते. दुसरे, मुरैना-भिंडकडच्या राईच्या तेलाचे आपल्या भागात राज्य असले, तरी वडे शेंगदाण्याच्या तेलातच तळावेत. राईचा वास लसणावर मात करतो. त्याच तेलात बेसनाचे पातळ पीठ शिंपडून चुरा तळून घ्यावा आणि सुके खोबरे, लसूण, लाल तिखट व मीठ यांच्याबरोबर जाडसर कुटावा. हीच ती कोरडी चटणी. नाक्यावरच्या नव्या दुकानांत हल्ली तिच्याऐवजी मेयोनीज आणि चीज घालतात. ज्यांना रुचते त्यांनी खावे. त्याला वडापाव म्हणण्यास मात्र माझी तयारी नाही.

दिवाळीनंतर हा प्रयोग करणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना. जूनमध्ये जी कणीक पाऊण तासात फुगते, ती पौषातल्या थंडीत दोन-दोन तास तशीच बसून राहते. अशा वेळी डबा घट्ट झाकून सरळ रजईत गुंडाळावा आणि रजईवर कोणी बसणार नाही एवढी दक्षता घ्यावी.