ऊन फुकट, मग हिशेब कशाला?

सूर्याला अर्घ्य देणाऱ्या समाजाला सौरऊर्जेचे महात्म्य सांगावे लागत नाही. वनवासी पाड्यावरील वसतिगृह असो, गोशाळा असो वा ग्रामीण रुग्णालय; छपरावर सोलर पॅनेल, जोडीला एखादी छोटी पवनचक्की, असा विषय बैठकीत निघाला की सर्वांच्या माना डोलतात. देणगीदार पुढे येतात, नारळ फुटतो, छायाचित्र छापून येते. चार-पाच वर्षांनी मात्र बॅटऱ्या निकामी, पवनचक्की निश्चल, आणि मागील अंगणात जुना डिझेल जनरेटर पुन्हा धडधडत असलेला, असे चित्र दिसू लागते. मग ‘सोलर आपल्याकडे चालत नाही’ असा निष्कर्ष काढून सारे मोकळे होतात. दोष सूर्याचा नाही, वाऱ्याचाही नाही. खरेदी आधी आणि हिशेब नंतर, या आपल्या सवयीचा तो दोष आहे.

हिशेबाचे साधन नाही, ही सबब आता चालणार नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात ‘होमर’ नावाची संगणक-प्रणाली विकसित केली. तिचे काम सांगायला सोपे, करायला किचकट. वर्षाचे ८,७६० तास. प्रत्येक तासाला विजेची गरज किती, ऊन किती, वारा किती, बॅटरीत शिल्लक किती, जनरेटर लावावा लागेल काय, हे ती तपासते. पॅनेल, पवनचक्की, बॅटरी आणि जनरेटर यांच्या शेकडो जोडण्या अशा ताडून, संपूर्ण आयुष्यातील खर्चाच्या क्रमाने ती यादी मांडते. आज खिशातून किती जाणार, एवढेच पाहणाऱ्याला पंचवीस वर्षांत किती जाणार, हे ती दाखवते.

महाराष्ट्राला या गणिताची गरज विशेष आहे. आपल्याकडे ऊन कडक असते ते मार्च ते मे. आषाढ-श्रावणात आभाळ भरून येते आणि पॅनेल मंदावतात. नेमक्या त्याच दिवसांत सह्याद्रीच्या पठारांवर नैऋत्य वारा उसळलेला असतो. निसर्गाने सूर्य आणि वारा यांची जणू पाळीच लावून दिली आहे. परंतु साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावरील वारा खालच्या दरीतील गावाला मिळत नाही. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला तर शक्ती निम्मी नव्हे, एक अष्टमांश उरते. हे न पाहता दरीत पवनचक्की उभारणे म्हणजे देणगीदाराच्या पैशाचा खांब रोवणे होय.

उलट बाजूही पाहू. लहान डिझेल जनरेटर एका युनिटसाठी सुमारे एक तृतीयांश लिटर डिझेल पितो. लिटरला ९० रुपये धरले तर नुसते इंधनच युनिटमागे ३० रुपयांचे झाले. तरीही जनरेटर ‘स्वस्त’ वाटतो, कारण तो विकत घेताना स्वस्त असतो. सौरसंचाचे नेमके उलटे. त्याचा सारा भार पहिल्या दिवशी येतो, म्हणून त्याचे भवितव्य उन्हाइतकेच व्याजदरावरही ठरते. दहा लाखांच्या संचाचा भार पंचवीस वर्षांवर पसरला, तर चार टक्के व्याजाने तो वर्षाला सुमारे ६४ हजार रुपये पडतो; दहा टक्क्यांनी सुमारे १ लाख १० हजार. संच तोच, ऊन तेच. भार मात्र पावणेदोन पटीच्या घरात! आपल्या नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांनी या एका आकड्याचा विचार केला, तर अनेक अनुदानांपेक्षा मोठे काम होईल.

कागदावरचे गाव आणि खरे गाव

येथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही सांगितले पाहिजे. ‘संगणकाने सांगितले’ हे नवे बाबावाक्य होऊ नये. यंत्र गणित चुकत नाही. पण गावाला काय हवे आहे, हे ते गावाला विचारू शकत नाही. ते माणसानेच विचारायचे असते.

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावाचे उदाहरण बोलके आहे. २०१४ साली ग्रीनपीसने अन्य संस्थांच्या साहाय्याने तेथे १०० किलोवॅटचा सौरप्रकल्प उभारला. गाजावाजा मोठा झाला. पण लोकांना दिव्यापुरती वीज नको होती. टीव्ही, फ्रीज चालवणारी ‘असली बिजली’ हवी होती, आणि त्यांनी ती नेत्यांसमोर मागितली. सरकारी वीज गावात आली, ती स्वस्तही होती. सौरप्रकल्प पुढे बंद पडला. वाढत्या गरजेचे आणि येऊ घातलेल्या तारेचे गणित आधी मांडावे लागते, हा त्याचा धडा. तार किती किलोमीटरवरून आणली तर स्वतंत्र संच परवडेनासा होतो, हे अंतरही होमर काढून देते. मात्र तो प्रश्न विचारणारा हवा.

याउलट पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील दरेवाडी पाहा. २०१२ साली तेथे ३९ घरांसाठी अवघ्या ९.४ किलोवॅटचा संच उभा राहिला. घरोघरी मीटर, वापरानुसार बिल आणि कारभार ग्रामस्थांच्या न्यासाकडे. आकार लहान, पण मोजमाप गावाचे आणि जबाबदारीही गावाची.

आकडे कोणाचे?

खरा प्रश्न स्वत्वाचा आहे. होमर प्रारंभी विनामूल्य मिळत असे. २००९ मध्ये तिचा कारभार खासगी कंपनीकडे गेला आणि आज परवान्याचे पैसे मोजावे लागतात. त्यात गैर काही नाही. ज्याने साधन घडवले तो किंमत मागणारच. प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. पवनमापनासाठी चेन्नईत आणि सौरऊर्जेसाठी गुरुग्रामजवळ आपल्या राष्ट्रीय संस्था आहेत, हवामान खात्याची दीर्घकालीन निरीक्षणे आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये तर अनेक तालुक्यांत आहेत. मग ग्रामसेवकाला वा वसतिगृहाच्या व्यवस्थापकाला मराठीत वापरता येईल, असे विनामूल्य साधन आपण का घडवू नये?

तोवर आकडे भरतो कोण? बहुधा संच विकणाराच! बॅटरी किती वर्षे टिकेल, हे बॅटरी विकणाऱ्याला विचारणे आणि तेच उत्तर संगणकात भरणे, याला नियोजन म्हणत नाहीत. शासनाची दृष्टीही क्षमतेवरच खिळलेली. २०१८ च्या राष्ट्रीय पवन-सौर धोरणात, जाळ्याला जोडलेला प्रकल्प ‘संमिश्र’ ठरण्यासाठी एका स्रोताची क्षमता दुसऱ्याच्या किमान २५ टक्के हवी, अशी अट घातली गेली. अशी सरसकट टक्केवारी कोणत्या गावात कोणता वारा वाहतो, हे ओळखत नाही.

म्हणून सेवाकार्यातील विश्वस्तांनी तीन पथ्ये पाळावीत. खरेदीपूर्वी निदान सर्व ऋतूंतील विजेचा वापर तासागणिक नोंदवावा. हिशेब विक्रेत्याऐवजी जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापक-विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा आणि त्यातील प्रत्येक गृहीतक बैठकीत वाचून दाखवावे. बॅटरी बदलण्याचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा. तो ठेवता येत नसेल तर नारळ फोडू नये.

समाजाने विश्वासाने दिलेला पैसा हा प्रसाद आहे. अंधारात चाचपडणाऱ्या वसतिगृहातील मुलाला उद्घाटनाची कोनशिला वाचून उजेड मिळत नाही. ऊन फुकट आहे; म्हणूनच त्याचा हिशेब अधिक चोख हवा.