हिरव्या पिकाआडचे जड धातू

मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे धुळे जिल्ह्यातील गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ठेवलेले ताक कळकते, हे जुन्या गृहिणींना सांगावे लागत नाही. आंबटपणामुळे भांड्यातील धातू ताकात उतरतो. शेतातही असेच घडते. जमीन आम्लधर्मी असेल तर तांबे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू मुळांना सहज मिळतात. खानदेशातील चुनखडीयुक्त काळी जमीन मात्र ते बऱ्याच अंशी धरून ठेवते. ही निसर्गाने केलेली कल्हईच. पण कल्हईलाही मर्यादा असते.

धातूचे प्रमाण वाढले की पिकाच्या पेशींत प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे निर्माण होऊन हरितद्रव्य, प्रथिने आणि पेशींची आवरणे यांवर घाला पडतो. त्याला तोंड द्यायला वनस्पतीकडे विकरांची, अर्थात एन्झाइमांची फळी असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. पुढे कॅटॅलेज आणि पेरॉक्सिडेज त्याची विल्हेवाट लावतात. पहिल्या विकराच्या एका प्रकाराला तांबे आणि जस्त हेच धातू लागतात. म्हणजे तांबे हे पिकाचे पोषणही आहे आणि अतिरेक झाल्यास विषही. शिशाचा मात्र पिकाला काहीच उपयोग नाही.

मध्यम ताणात या विकरांची क्रियाशीलता सहसा वाढते. ताण असह्य झाला की ती, विशेषतः कॅटॅलेजची, ढासळते. तोवर पीक हिरवेगार दिसू शकते आणि खरा धोका इथेच आहे. विकरे पिकाला तगवतात. शोषलेला धातू नाहीसा करत नाहीत. पालेभाजीतून कॅडमियम ताटात येऊ शकते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कॅडमियमयुक्त भात आणि पाणी यांमुळे ‘इताई-इताई’ हा हाडे ठिसूळ करणारा आजार पसरला. १९६८ मध्ये तेथील सरकारने तो प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले.

आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात. त्यांत तांबे आणि जस्त आहेत, तेही मुख्यतः कमतरता कळावी म्हणून. कॅडमियम आणि शिसे नाहीत. खत नियंत्रण आदेशाने मात्र शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा घातली आहे. खताला लावलेली मोजपट्टी जमिनीला का नको?

केवळ विकरे मोजून हा प्रश्न सुटणार नाही. अवर्षण आणि उष्णतेनेही त्यांची क्रियाशीलता बदलते, आणि खानदेशात या दोन्हींची वाण नाही. सोनगीर परिसरातील शेते दूषित आहेत, असा याचा अर्थ नव्हे. परंतु जिथे सांडपाण्यावर किंवा कारखान्यांच्या पाण्यावर भाजीपाला पिकतो, तिथे माती आणि माल या दोहोंची धातूंसाठी तपासणी सक्तीची व्हायला हवी. कळकलेले ताक जिभेला कळते. कॅडमियम कळत नाही.